समुद्राभिमुख वाङ्मय : एक आस्वाद

मराठी समीक्षेनं आजवर अनेक वाङ्मयप्रकारांची उपेक्षा केली आहे. लग्नपत्रिका, निवडणुकीचे जाहीरनामे, चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक यांच्याकडे एकाही समीक्षकानं गांभीर्यानं पाहिलेलं नाही. पण सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो समुद्रकाठच्या हॉटेलांच्या माहितीपत्रकांवर. आमच्या मराठवाड्यात हा वाङ्मयप्रकार एप्रिलमध्ये हौसेनं वाचला जातो आणि जूनमध्ये रद्दीत जातो. इतका नियमित वाचक आणि इतकी नियमित रद्दी मराठी कवितेच्याही नशिबी नाही.

आता तुम्ही विचाराल, या विषयावर लिहायचा तुमचा अधिकार काय? तर पहिली गोष्ट म्हणजे मी नांदेडच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. नांदेड हे नरहर कुरुंदकरांचं गाव. पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते. १९८२ साली ते गेले, पण गावाला लावलेली सवय गेली नाही. इथं पानाच्या ठेल्यावरसुद्धा माणूस पानाला चुना लावण्याआधी आपली भूमिका मांडतो. समीक्षा ही आमच्या पाण्यातच आहे असं म्हणतात. (पाणी दर उन्हाळ्यात आटतं, हे धरून चाललं म्हणजे समीक्षेचं मध्येच काय होतं तेही कळतं.) दुसरी गोष्ट म्हणजे गेले पंचवीस उन्हाळे मी ही माहितीपत्रकं नेमानं वाचतो आहे आणि त्यांतल्या एकाही हॉटेलात उतरलेलो नाही. समीक्षकाला एवढी तटस्थता हवीच.

यंदा मात्र तटस्थतेवर संकट आलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं फोन करून जाहीर केलं, "बाबा, मे महिन्यात आजीला समुद्र दाखवायचा. दोन रात्रींचे पैसे माझे. मात्र चांगल्या हॉटेलात. भक्तनिवासात नाही." आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या लातूरला धाकट्या मुलीकडे, म्हणजे आमच्या साडूंकडे असतात. वय ब्याऐंशी. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला, त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपानंतर महिनाभर अंगणात झोपलेल्या, २०१६ साली रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या. एवढं सगळं पाहून झालं, समुद्र तेवढा राहिला.

मुलीनं चार हॉटेलांची माहितीपत्रकं मोबाइलवर पाठवली. मोबाइलवर वाचता येतं, पण समीक्षा करता येत नाही, समासच नसतो. म्हणून मी वजिराबादेतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. रंगीत प्रिंटचा भाव ऐकला आणि काळीपांढरी काढून आणली. त्यामुळे चारही हॉटेलांचे समुद्र एकाच रंगाचे निघाले. विष्णुपुरीच्या जलाशयाला पाऊस लांबल्यावर जो येतो, तो रंग. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, यात समुद्र कुठला अन् डांबरी रस्ता कुठला?" पण माझ्या दृष्टीनं ही सोयच झाली. चित्रांची भूल पडली नाही आणि निव्वळ गद्य समोर आलं.

हे गद्य कोणासाठी लिहिलेलं आहे, हा पहिला प्रश्न. आमच्यासाठी निश्चित नाही. महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आम्ही शाळेत पाठ केलं, पुढं मुलांकडून पाठ करून घेतलं. त्यात मराठवाड्याचा वाटा शून्य. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात आमचा रस्त्यांचा, सिंचनाचा, शिक्षणाचा अनुशेष मोजला. समुद्राचा अनुशेष मोजायचा राहून गेला. त्याआधी निजामाच्या राज्यातही हीच रड होती. शेवटच्या निजामाचं चित्र १९३७ साली 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आलं, ते जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. पण त्याच्या एवढ्या मोठ्या संस्थानाला बोटभर किनारा नव्हता. सत्तेचाळीसच्या सुमाराला त्यानं पोर्तुगीजांकडून गोव्याचं मार्मागोवा बंदर मिळवायची खटपट करून पाहिली. जमलं नाही. आता निजामाला जे जमलं नाही ते सेवानिवृत्त प्राध्यापकानं दोन रात्रींसाठी का होईना करावं, अशी आमच्या मुलीची अपेक्षा. आणि तेही थाटात.

'थाट' हा शब्द सौभाग्यवतीचा. मी दोन-तीनदा मध्यममार्गी सूचना केल्या. गुहागरला घरगुती जेवणाची बरी सोय होते, वगैरे. तेव्हा ती म्हणाली, "आयुष्यभर तुळजापूर, पंढरपूर, शेगाव झालं. सकाळी आठला खोली रिकामी करा, चादर आपली आपण आणा, दहानंतर दिवा मालवा. एकदा तरी मला अशा ठिकाणी राहायचंय, जिथं चादर बदलायला माणूस येतो अन् मी नुसती बघते." यावर समीक्षकाकडे उत्तर नव्हतं. जुहू ठरलं. मुंबई शहरही झालं आणि वाळूही.

आता आपण मूळ संहितेकडे वळू.

या वाङ्मयाचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे पात्रांची टंचाई. चारही पत्रकांत मिळून दोनच पात्रं आहेत : एक तरुण, एक तरुणी. दोघं पांढऱ्या कपड्यांत आहेत आणि दोघांच्या हातात पेले आहेत. त्यांना मूल नाही, सासू नाही, गुडघे नाहीत. सामान तर अजिबात नाही. कडबोळ्यांचा डबा नाही, पाण्याचा थर्मास नाही, औषधांची पिशवी नाही. ही माणसं कुठून आली, कुठल्या गाडीनं आली, आरक्षण कुणी केलं, घराला कुलूप कुणी लावलं, यांतल्या कशाचाही उलगडा नाही. आमच्याकडे प्रवासवर्णन म्हटलं की निम्मं पुस्तक निघण्यात जातं. इथं निघणं नाही, पोचणं नाही, थेट आरामखुर्ची. अनुभवाची अस्सलता या कसोटीवर हे लेखन पहिल्या पानालाच गारद होतं.

रसविचार केला तर शृंगार आणि अद्भुत हे दोनच रस सापडतात. शांतरसाचा दावा जागोजागी आहे, परंतु शांतता ज्या शब्दात छापली आहे त्याच्या शेजारीच रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या संगीताची वेळ दिल्यामुळे रसभंग होतो. करुणरस मात्र उत्तम साधला आहे. तो शेवटच्या पानावर, दरपत्रकात आहे. तिथं 'कर वेगळे' असे दोन बारीक शब्द आहेत. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की अठरा टक्के जीएसटी लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या डोळ्यांत ते दोन शब्द वाचून पाणी येतं. इतक्या कमी शब्दांत एवढा परिणाम साधणं सोपं नाही.

या तंत्राची परंपरा मोठी आहे. अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झालं. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतं, ते १९२४ साली पुरं झालं. म्हणजे आपण ज्याला दार समजतो ते घराच्या एकवीस वर्षं नंतर आलं. त्या ताजमध्ये सुरुवातीला खोलीचं भाडं दहा रुपये होतं आणि पंखा अन् जोडून न्हाणीघर हवं असेल तर तेरा. या तीन रुपयांतच पुढचं सगळं वाङ्मय सामावलेलं आहे. आधी आकडा सांगायचा आणि मग वारा-पाण्याचे वेगळे लावायचे. आज मजले वाढले, आकडे वाढले, आशय तोच.

भाषेच्या अंगानं पाहिलं तर या लेखकांचा आपल्या काव्यशास्त्राचा व्यासंग दांडगा असला पाहिजे. खोल्यांचे तीन वर्ग केलेले आहेत : 'सी-फेसिंग', 'सी-व्ह्यू' आणि 'पार्शियल सी-व्ह्यू'. मी एकतीस वर्षं वर्गात शब्दशक्ती शिकवल्या. मुलांना कधी समजल्या नाहीत. हे पत्रक हाताशी असतं तर दहा मिनिटांत समजल्या असत्या. 'सी-फेसिंग' ही अभिधा. शब्दाचा सरळ अर्थ : खिडकी उघडली की समोर समुद्र. 'सी-व्ह्यू' ही लक्षणा. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटलं की गवळी पाण्यावर राहतात असं समजायचं नाही, काठावर राहतात असं समजायचं, हे जुनं उदाहरण आठवा. तसं इथं खिडकीतून वाहनतळ दिसतो आणि वाहनतळापलीकडे समुद्र. आणि 'पार्शियल' ही व्यंजना. इथं समुद्र दिसत नाही, सुचतो. गॅलरीच्या कठड्यावरून उजवीकडे झुकलं, आणि बायकोनं मागून सदरा धरला, तर सहृदयाला त्याची प्रतीती येते. अभिधेपासून व्यंजनेपर्यंत येताना काव्याचं मोल वाढतं असं शास्त्र सांगतं. हॉटेलात ते घटतं. साहित्य आणि व्यवहार यांत एवढा फरक राहणारच.

इथपर्यंत झाली ती नांदेड घराण्याची समीक्षा. पण त्याच आठवड्यात मी चारही प्रती घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.नं लातूरला गेलो, आणि तिथं माझी गाठ दुसऱ्या घराण्याशी पडली.

आमचे साडू विज्ञान शिकवतात. तेही लातुरात. लातूर पॅटर्नमध्ये ज्याची हयात गेली तो माणूस कुठलाही मजकूर हाती आला की आधी लाल पेन शोधतो. त्यांनी माझ्या समासातल्या टिपा चष्मा वर करून वाचल्या, "छान आहे" म्हणाले (हे त्यांनी मला लग्नातही म्हटलं होतं), आणि एका फुलस्केप कागदावर प्रश्न काढायला बसले. स्टेशनापासून अंतर किती? लिफ्ट आहे काय? संडास कोणत्या पद्धतीचा? खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या किती? ब्याऐंशी वर्षांच्या बाईला धरायला कठडा आहे काय? सकाळी साडेपाचला चहा मिळेल काय? सगळे प्रश्न अनिवार्य. मग चारही पत्रकं त्यांनी तपासली. सर्वाधिक गुण वीसपैकी साडेतीन. शेरा : 'विद्यार्थी हुशार आहे, विचारलं ते सोडून बाकी सर्व लिहितो.'

मला हे मान्य करावं लागेल की आमच्या घराण्याला एवढं नेमकं वाक्य सुचलं नव्हतं.

"आणि मुख्य प्रश्नाला तर एकानंही हात लावला नाही," साडू म्हणाले.

"कुठला?"

"पाणी चोवीस तास आहे का? कुठंच लिहिलेलं नाही."

मी हसलो, पण ते हसले नाहीत. त्यांचं बरोबर होतं. आमच्या भागातल्या कुठल्याही बसस्टँडसमोरचा लॉज पाहा. पाटीवर काय असतं? नाव, आणि त्याखाली 'चोवीस तास पाणी'. तीन शब्दांत संपूर्ण माहितीपत्रक. त्यात उपमा नाही, तरुण-तरुणी नाहीत, पण वाचणाऱ्याला त्याच क्षणी पिशवी खाली ठेवावीशी वाटते. जुहूच्या लेखकाला हे वाक्य सुचतच नाही, कारण पाणी नसण्याची शक्यता त्याच्या अनुभवविश्वात नाही. पत्रकात त्यानं पाण्याला जागा भरपूर दिली आहे, पण ती बघायचं पाणी म्हणून, तरंगायचं पाणी म्हणून, खोलीच्या कोपऱ्यात नुसतं खळखळत ठेवायचं पाणी म्हणून. भरून ठेवायचं पाणी कुठंच नाही.

यातूनच आम्ही पोहण्याच्या तलावावर आलो. समुद्राच्या काठावर पोहण्याचा तलाव बांधणं याला आमच्या शास्त्रात पुनरुक्ती दोष म्हणतात. एका पत्रकातला तलाव तर आणखी पुढचा होता. त्याचा समुद्राकडचा काठ मुद्दाम बुटका ठेवलेला आणि पाणी त्यावरून सारखं सांडत राहतं, म्हणजे बघणाऱ्याला तलाव जाऊन समुद्राला मिळाल्यासारखा वाटतो. 'इन्फिनिटी पूल'. मी यावर अनंताची ओढ, सांत आणि अनंत यांतला ताण असं काहीसं लिहून ठेवलं होतं. मेहुणीनं फोटो पाहिला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "अगं बाई, नळ बंद करायचा राहिला की हो ह्यांचा!"

साडूंनी समजावून सांगितलं. काठाखाली एक चर असतो, सांडलेलं पाणी त्यात पडतं, तिथून पंपानं परत वर चढवतात, वाया काही जात नाही. मेहुणी म्हणाली, "मंग सांडायचंच कशाला?"

मराठी सौंदर्यशास्त्रात गेली कित्येक दशकं कलेच्या प्रयोजनावर चर्चा चालू आहे. इतका रोखठोक प्रश्न माझ्या वाचनात नाही.

साडूंनी तेवढ्यात गणित मांडलं होतं. तलावाची लांबी वीस मीटर, रुंदी आठ, एवढी माहिती लेखकानं कशी कोण जाणे दिली होती. खोली सरासरी सव्वा मीटर धरली. गुणाकार दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. "चार वाघिणी," साडू म्हणाले.

लातूरच्या माणसाला पाणी वाघिणीत मोजायला शिकवलं ते २०१६ नं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती, टँकर भरायच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लागली. जमावबंदी दंगलीत लागते एवढंच तोवर आम्हांला ठाऊक होतं. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. साडू तेव्हा स्टेशनावर गेले होते. लोक हार घेऊन आले होते म्हणाले. गाडीतून उतरणारा पाहुणा दिसत नव्हता, तरी हार इंजिनाला घातले.

"पन्नास मीटर लांब, पंचवीस रुंद आणि दोन मीटर खोल," साडू कागदावर लिहीत म्हणाले, "तो ऑलिंपिकचा तलाव. किती झालं?"

मी मराठीचा माणूस. मेहुणीनं उत्तर दिलं, "पंचवीस लाख लिटर."

"एक गाडी," साडू म्हणाले. "सगळ्या गावाची पुरी एक गाडी. एक तलाव." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. सौभाग्यवती फरशीवरचे कागद गोळा करू लागली.

थाटाची बाजू आता हरते की काय असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर दोन रात्रींचे पैसे डोळ्यांपुढे आल्यामुळे त्यात मला फार वाईटही वाटलं नाही. पण वाद कुठल्या कुठं गेला. मेहुणी म्हणाली, "ते समदं खरं. पण आपून गेल्यावर हितं पानी कोन भरायचं?"

आता या प्रश्नाचं गांभीर्य मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या साडूंच्या गल्लीत नळ रोज येत नाही. तो येतो तेव्हा येतो, आणि ज्या दिवशी घरात कुणी नसतं त्या दिवशी हमखास येतो. तो चुकला की पुढच्या पाळीपर्यंत शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. म्हणून उन्हाळ्यात अख्खं घर कधी बाहेर पडत नाही. एक माणूस पाण्यावर ठेवावं लागतं. लग्न असो, मुंज असो, तिरुपती असो. आणि साडूंच्या घरी गेली वीस-बावीस वर्षं ते माणूस म्हणजे सासूबाई. मुलं गोव्याला गेली, त्या पाण्यावर. साडू-मेहुणी गणपतीपुळ्याला गेली, त्या पाण्यावर. आम्ही सगळे २०११ साली चेन्नईहून मरीना बीचचे फोटो घेऊन आलो तेव्हा त्यांनी ते कौतुकानं पाहिले आणि विचारलं, "मधल्या वारी नळ आल्ता, हौद भरून ठेवलाय." समुद्र न पाहण्याचं एवढंच कारण होतं. पैसा नव्हता असं नाही, हौस नव्हती असं तर मुळीच नाही.

चार पत्रकांतल्या त्या दोन पांढऱ्या कपड्यांतल्या पात्रांच्या घरी पाण्यावर कोण बसलं असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला. कुणीतरी बसलेलं असणारच. लेखकानं तिला चौकटीबाहेर ठेवलं आहे एवढंच. रूपवादी समीक्षेची मर्यादा म्हणतात ती हीच असावी.

शेवटी शेजारच्या घरातल्या बारावी झालेल्या मुलानं पाणी भरायचं कबूल केलं. सीईटी संपली होती, पोराला काम नव्हतं. मोबदला म्हणून साडूंनी त्याला पुढल्या वर्षी एक विषय फुकट शिकवायचं ठरवलं. तो म्हणाला, पैसेच द्या.

मग हॉटेलची निवड. गुणानुक्रमे पहिलं आलेलं हॉटेल म्हणजे साडेतीन गुणवालं, तेच ते सांडणाऱ्या तलावाचं. सौभाग्यवतीचीही पसंती त्यालाच होती. तिनं फोटोत गुबगुबीत पांढरा झगा हेरून ठेवला होता. साडू म्हणाले, तोंडी परीक्षा घेऊ. त्यांनी फोन लावला आणि लातुरी मराठीत पायऱ्यांचा प्रश्न विचारला. पलीकडे एक तरुण मुलगा होता. त्यानं आधी पत्रकच पाठ म्हणून दाखवलं. समुद्राला लागूनच आहे सर, वगैरे. साडू म्हणाले, "ते वाचलंय आम्ही. पायऱ्या किती? आमच्या सासूबाईंचं वय ब्याऐंशी आहे." मुलगा क्षणभर थांबला. "एक मिनिट हां काका," म्हणाला आणि फोन तसाच ठेवून गेला. चार-पाच मिनिटं नुसता कसला तरी आवाज येत राहिला. साडूंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला. तो समुद्राचा आवाज होता की एअरकंडिशनरचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मग मुलगा धापा टाकत परत आला. "अकरा आहेत काका. डाव्या हाताला कठडा आहे. शेवटची पायरी जरा उंच आहे, पण मी धरीन आजींना."

माझ्या मते त्या सबंध माहितीपत्रकातलं सर्वोत्कृष्ट गद्य तेच, आणि ते छापलेलं नाही. साडूंनी साडेतीनाचे चौदा केले.

आरक्षण झालं. मे महिन्याचा दुसरा आठवडा, दोन रात्री, 'सी-व्ह्यू', म्हणजे लक्षणा. अभिधा परवडत नव्हती आणि व्यंजना सौभाग्यवतीला मान्य नव्हती. लातूर-मुंबई गाडीनं सगळे एकत्र जायचं. निदान कुर्डुवाडीपर्यंत ज्या रुळांवरून २०१६ साली पाणी आमच्याकडे आलं, त्याच रुळांवरून आम्ही पाण्याकडे जाणार. साडूंना याचं फार अप्रूप आहे, त्यांनी ते तिघांना सांगितलं.

या सगळ्या चर्चेत सासूबाई पलंगावर बसून वाती वळत होत्या. पत्रकातल्या मजकुरापैकी मेहुणीनं त्यांना एकच ओळ वाचून दाखवली होती, रोज पाण्याच्या दोन बाटल्या मोफत मिळतात ती. त्या म्हणाल्या, "समुद्रापाशी बसून दोनच बाटल्या?" तेवढाच त्यांचा अभिप्राय. आता त्यांनी वाती बाजूला ठेवल्या आणि मला विचारलं, "जावईबापू, त्या समुद्राला पानी कवा येतंय?"

मला प्रश्न कळला नाही. साडूंना कळला, ते विज्ञानाचे आणि लातूरचे. त्यांनी भरती-ओहोटी समजावून सांगितली. चंद्रामुळं होतं. दिवसातून दोनदा पाणी वर येतं, दोनदा मागं जातं. दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं.

"दिवसाला दोन डाव?"

"हो."

"अन् रोज?"

"रोज."

"उशिरा का हुईना, पर येतंय," त्या म्हणाल्या. थोडा वेळ विचार केला. वात पुन्हा हातात घेतली. "मंग लोकं कशात भरून ठेवूलालेत?"